वायाळ मॅडमची खोटी नाणी

वायाळ मॅडमच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला मॅडम जे प्रश्न विचारतात, त्यांतला एकही दाताबद्दल नसतो.

भुलीचं इंजेक्शन दिलं की ते चढेपर्यंत थांबावं लागतं. दुसरे डॉक्टर त्या वेळात मोबाइल बघतात. मॅडम ॲप्रनच्या खिशातून राणीच्या छापाचं एक जुनं नाणं काढतात, चिमट्यात धरतात आणि दिव्याखाली रोग्याच्या नाकासमोर नेतात.

"पाहा बरं. ही राणी खरी वाटते का तुम्हाले?"

"आं," रोगी म्हणतो. तो दुसरं काय म्हणणार?

"काय आं? केस पाहा तिचे! खऱ्या राणीची एक एक बट मोजता येते. हिच्या डोक्यावर तं चिखल थापला हाये. आणि तुम्ही म्हणता खरी!"

"आं, आं."

"मग? आता कसं कळलं!"

असा एकतर्फी निकाल लागेपर्यंत जबडा बधिर झालेला असतो. दाढ कधी निघाली ते माणसाला कळतही नाही. खाली माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला येतो तेव्हा गालात कापूस असतो आणि डोळ्यांत राणीबद्दलची शंका असते.

माझं औषधांचं दुकान मॅडमच्या दवाखान्याच्या अगदी खाली आहे, लोणारच्या मुख्य रस्त्यावर. मी सलीम. सरोवर बघायला आलेले लोक माझ्याकडून पाण्याच्या बाटल्या नेतात आणि मॅडमचे रोगी दुखीच्या गोळ्या नेतात, त्यावर आमचं बरं चाललंय. डॉक्टर कुमुद वायाळ वरच राहतात. पुढे दवाखाना, मागे घर. लग्न केलं नाही. भाऊ पुण्यात असतो, तो बोलावतो आणि त्या जात नाहीत. "तिथं मी बोलली की भाऊजय हसते, खेड्यातली म्हणून," असं एकदा म्हणाल्या होत्या. साठी ओलांडली तरी हात असा स्थिर की सुईत दोरा ओवायला गल्लीतल्या बाया त्यांच्याकडे येतात.

मॅडमच्या तोंडात सगळ्यात मोठी शिवी एकच. "ओतीव!"

याचा अर्थ समजायला मला बराच काळ गेला. खरं नाणं टाकसाळीत ठसा मारून बनतं. ठशाचा जोरदार दाब बसतो, म्हणून अक्षरं धारदार उठतात. खोटं नाणं बनवणारा खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. ओतताना आत हवा राहते, तिचे बारीक बारीक फोड उठतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात. हे मॅडमना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही, कारण दाताची धातूची कॅपही अशीच साच्यात ओततात. आयुष्यभर त्यांनी कॅपांमधले फोडच शोधले होते. तीच नजर नाण्यांकडे वळली आणि तिथून पुढे जगाकडे.

मग काय, लग्नातलं पनीर ओतीव. मतं मागायला आलेला उमेदवार ओतीव. टीव्हीवर रडणारी सासू तर मुळातच ओतीव. आणि एखादा माणूस मनापासून आवडला की त्याला त्या "टाकसाळी" म्हणत. हा किताब मी लोणारात फार थोड्यांना मिळालेला पाहिला. मला अजून मिळालेला नाही.

एकदा एक जोडपं गावाकडून आलं. नवऱ्याने फडक्यात गुंडाळलेलं तांब्याचं नाणं काढलं. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. त्याला कोणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं, की असल्या नाण्याला लिलावात घर बांधण्याइतके पैसे येतात.

मॅडमनी भिंगसुद्धा उचललं नाही.

"दादा, मले एक सांगा. कंपनीवाले इंग्रज. ते नाण्यावर मारुती काऊन छापतीन?"

माणूस विचारात पडला. "भक्त असतीन," तो म्हणाला.

मॅडम मोठ्यांदा हसल्या. मग त्याचा चेहरा पाहून हसणं थांबवलं, दोघांना चहा पाजला आणि बाईची हलणारी दाढ तपासली. जाताना म्हणाल्या, "मारुती खराच हाये. नाणं तेवढं खोटं हाये. देव्हाऱ्यात ठेवा. विकू नका आणि कोणी विकत देलं तं घेऊ नका."

मोबाइलवरच्या लिलावांचा नाद त्यांना लागला तेव्हापासून माझ्या दुकानातली एक खुर्ची गेली ती गेलीच. वर रेंज कमी येते म्हणून संध्याकाळचे रोगी आटोपले की त्या खाली येऊन बसायच्या. नाण्यांचे ग्रुप असतात. विकणारा फोटो टाकतो, लोक खाली बोली लिहितात, वेळ संपली की शेवटच्या बोलीवाल्याला नाणं जातं. मॅडम बोली लावत नसत. त्या फोटो मोठा करून बघत, त्यावर लाल गोल काढत आणि खाली लिहीत, "येथे हवा राहिली आहे. नाणे ओतीव आहे. कोणीही घेऊ नये."

विकणाऱ्यांना हे आवडण्याचं कारण नव्हतं. त्यांनी मॅडमना ग्रुपबाहेर काढलं.

काही दिवसांनी जालन्याहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. "सलीमभाई, तब्येत ठीक आहे ना?"

"हो. का रे?"

"नाही, तुम्ही नाण्याच्या ग्रुपवर लोकांशी भांडताय. एका माणसाला तुम्ही लिहिलंय, की तुझा पंचम जॉर्ज पाहून त्याची आई रडली असती."

मी मॅडमकडे बघितलं. त्या चहात बिस्कीट बुडवत होत्या.

"मॅडम, माझ्या नावानं खातं उघडलं?"

"मग कोणाच्या नावानं उघडू? तुह्यं नाव चांगलं हाये. लोक भेतेत."

मलाही ग्रुपबाहेर काढलं. मग मॅडमनी विमलबाईंचं नाव वापरलं. विमलबाई दवाखान्यात झाडलोट करतात, रोग्यांना आत सोडतात आणि त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. या विमलबाई मराठी नाणेसंग्राहकांत फार जबरदस्त प्रसिद्ध झाल्या. कोणी साताऱ्याहून त्यांना 'आदरणीय विमलताई' लिहून शिवराई तपासायला फोटो पाठवायचा. खऱ्या विमलबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग पगार वाढवा म्हनावं."

तर हे असं मजेत चाललं होतं. मग ग्रुपवर एक नवा विकणारा आला. नाव मोठं थाटाचं होतं, पण माणूस कोण ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने चांदीचे जुने रुपये आणायला सुरुवात केली, आणि शिवराया. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. लोक ते नाणं कपाळाला लावून मग तिजोरीत ठेवतात. खोटी राणी विकणाऱ्याला मॅडम नुसती शिवी देत, पण खोटी शिवराई दिसली की त्यांचा चहा गार व्हायचा.

पहिल्या शिवराईत त्यांनी हवेचा फोड दाखवला. थोड्या दिवसांनी त्याच माणसाची दुसरी शिवराई आली. तिच्यात फोड नव्हता. मॅडमनी कडेवरच्या कानशीच्या रेघा दाखवल्या. तिसरीच्या कडेला रेघा नव्हत्या. मॅडमनी लिहिलं की रंग सगळीकडे सारखा आहे, खरं तांबं हातांत फिरून उंचवट्यावर उजळतं. चौथी आली ती बरोबर उंचवट्यावर उजळलेली.

मी हे सगळं खांद्यावरून बघत होतो. मला नाण्यातलं काही कळत नाही, पण शिकवणीतलं कळतं.

"मॅडम," मी म्हटलं, "एक बोलू? तुम्ही लोकांना वाचवून नाही राह्यल्या. तुम्ही त्या माणसाची ट्यूशन घेऊन राह्यल्या."

त्यांनी मान वर केली. फोन पर्समध्ये टाकला आणि वर निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून आदरणीय विमलताईंनी लिहिणं बंद केलं. आणि माझ्या दुकानात पार्सलं यायला लागली. वेगवेगळ्या नावांची, पत्ता मात्र माझ्याच दुकानाचा. मॅडम आता गुपचूप बोली लावत होत्या. तो माणूस जे नाणं लिलावाला काढेल ते त्याच जिंकत होत्या.

"खोटं हाये हे माहीत असून घेता?" मी विचारलं.

"मी नाही घेतलं तं दुसरा घेईन. कोणी म्हातारा घेईन, देव्हाऱ्यात ठेवीन. लिहिलं तं हा सुधारते. नाही लिहिलं तं लोक फसतेत. मग सांग, काय करू?"

अशा रीतीने खोटी नाणी ओळखणारी जिल्ह्यातली सगळ्यात तयार बाई, जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त खोट्या नाण्यांची मालकीण झाली. दाढा काढायच्या पकडींचा कप्पा रिकामा करून त्यात त्या शिवराया ठेवल्या. पकडी चहाच्या ट्रेमध्ये आल्या.

एका दुपारी मॅडमनी वरून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. मी दुकान विमलबाईंवर सोडून वर गेलो.

खुर्चीचा मोठा दिवा लावलेला होता आणि त्याखाली रोग्याच्या जागी नवी आलेली शिवराई होती. तिच्या शेजारी मॅडमनी दाताची एक जुनी धातूची कॅप ठेवली होती. कोणा रोग्याने करायला सांगितली आणि न्यायला आलाच नाही, अशा कॅपा त्यांच्याकडे पडून असत.

"पाह्य," त्या म्हणाल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"काय पाहू?"

"धातू ओतायले साच्याले एक वाट ठेवतेत. ओतून झालं की तिथं देठ राह्यते, वांग्यासारखा. तो कापून घासा लागते. सारे सपाट घासतेत. हा माणूस थोडा उतार देऊन घासते, डावीकडं. कॅपवर पाह्य. आता नाण्याच्या कडेवर पाह्य."

मला दोन्हीकडे चकचकीत धातू दिसला. पण मॅडमचा चेहरा दिसला आणि मी भिंग खाली ठेवलं.

"हा प्रभाकरचा हात हाये," त्या म्हणाल्या.

प्रभाकर काळे मला आठवले ते लगेच नाही, जरा वेळाने. जवळच्याच बीबी गावचे. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवायचे. दर मंगळवारी एसटीने यायचे. हातात पत्र्याचा डबा, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्या दुकानात थांबून पाणी प्यायचे आणि जिना चढायच्या आधी केस नीट करायचे. वरून मॅडमचा आवाज यायचा, "प्रभाकर, इथं हवा राहिली. परत करा." मग ते डबा घेऊन उतरायचे. मला वाटायचं, दर वेळी बोलणी खाणारा माणूस इतका समाधानी कसा दिसतो?

पुढे शहरात कॉम्प्युटरवर कॅपा व्हायला लागल्या. पांढऱ्या, अगदी खऱ्या दातासारख्या, कुरियरने दारात. रोग्यांनाही त्याच हव्या होत्या. सगळ्या डॉक्टरांनी तिकडे काम द्यायला सुरुवात केली, मॅडमनीही. काळे यायचे बंद झाले. त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारलं नाही, कारण कोणाचं काही अडलं नव्हतं.

"पोलिसांत द्यायचं?" मी विचारलं.

"गाडी काढ," मॅडम म्हणाल्या.

बीबीला जाताना रस्त्यात त्या मोठ्यांदा तालीम करत होत्या. "म्हणीन, लाज नाही वाटली? महाराजांचं नाणं! इतकी वर्षं माह्याजवळ काम केलं आणि हे शिकला? असं सांगीन की..." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "अन् रंग कसा चढवला ते विचारीन. तो रंग मले नाही समजला."

बाजाराचा दिवस होता. भाजीच्या पाट्या आणि माणसांच्या गर्दीतून गाडी मुंगीसारखी सरकली. काळ्यांचं घर मॅडमना विचारावं लागलं नाही. कधीतरी आल्या असाव्यात.

प्रभाकर काळे मागच्या खोलीतच होते. केस पार पिकलेले, शर्ट मात्र तसाच इस्त्रीचा. मॅडमना दारात पाहिलं आणि स्टुलावरून उठले. हात पुसायला फडकं शोधू लागले, ते त्यांच्या खांद्यावरच होतं.

मॅडमनी पर्समधून पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. सगळ्या शिवराया खणखणत पसरल्या. एक खाली पडून माझ्या पायापाशी आली.

रस्त्यात तयार केलेलं एकही वाक्य मॅडमच्या तोंडून निघालं नाही. शेवटी काळेच बोलले.

"तुम्ही बऱ्या हायेत ना मॅडम?"

"मले काय झालं?"

"नाही, ते... ग्रुपवर तुमचं लिहिणं बंद झालं ना. मले वाटलं, काही बरंवाईट झालं का काय. लोणारले येऊन पाह्यणार होतो. पण कोणत्या तोंडानं येऊ?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच चुगली केली होती. "मी लिहीत होती हे तुम्हाले कोण सांगितलं? नाव तं विमलचं होतं."

काळे हसले. ओठ न उघडता हसले. "येथे हवा राहिली आहे," ते म्हणाले. "वीस-बावीस वर्षं ऐकलं मॅडम. पहिल्याच दिवशी ओळखलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काम बंद पडल्यावर शहरातला एक व्यापारी आला. म्हणाला, जुन्या नाण्यांचे नमुने बनवून द्या, शाळांत, प्रदर्शनांत ठेवायला. काळ्यांनी बनवून दिले. पुढे गल्लीतल्या एकाच्या मोबाइलवर त्यांनी पाहिलं, तोच व्यापारी थाटाच्या नावाने त्यांचीच शिवराई खरी म्हणून लिलावाला काढत होता.

"तवाच बंद काऊन नाही केलं?" मॅडमचा आवाज आता चढला. "लोक फसून राह्यले होते प्रभाकर! दिसत होतं ना तुम्हाले?"

काळे मान खाली घालून टेबलावरची नाणी बोटांनी सारखी करत होते. एकावर एक रचत होते, पुन्हा पसरवत होते.

"दिसत होतं," ते म्हणाले. "बंद करणारच होतो. पण त्याखाली तुमचं लिहिलेलं दिसलं. लाल गोल काढून. मॅडम, लोणारले येणं बंद झाल्यापासून माह्यं काम कोणी इतकं निरखून पाह्यलं नव्हतं. मग मी तेवढं सुधारलं. म्हटलं, आता पाहू काय म्हणतेत. तुम्ही पुन्हा लिहिलं. मी चुकलो. पण मी त्या व्यापाऱ्यासाठी नाही करत होतो ते."

काळ्यांच्या घरच्या बाईंनी चहा आणून ठेवला आणि आमचे चेहरे पाहून लगेच परत गेल्या.

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच पुसला.

"साचे कुठं हायेत?"

काळ्यांनी फळीवरून साचे काढले. मॅडम "फोडा" म्हणाल्या आणि त्यांनी बाहेरच्या दगडावर एकेक फोडला. शेवटच्या साच्याला त्यांचा हात थबकला. तो सगळ्यात चांगला असावा. मॅडमनी तो त्यांच्या हातातून घेतला, उन्हात धरून नीट बघितला, "सुरेख हाये," म्हणाल्या आणि स्वतःच दगडावर आपटला.

परत आल्यावर मॅडमनी विमलबाईंच्याच खात्यावरून, पण खाली स्वतःचं नाव घालून ग्रुपवर लिहिलं. अमुक विकणाऱ्याची सगळी नाणी ओतीव आहेत, ती मी घेतली आहेत, ज्यांच्याकडे आणखी असतील त्यांनी मला फोटो पाठवावेत, मी पुरावा देईन. एकच गोंधळ उडाला. कोणी शिव्या दिल्या, कोणी आभार मानले. तो विकणारा त्याच दिवशी नाहीसा झाला. साताऱ्याच्या गृहस्थांनी विचारलं, की आदरणीय विमलताई कुठे आहेत?

कारागिराचं नाव मात्र मॅडमनी कुठेच लिहिलं नाही. मी त्याबद्दल एकदा हळूच छेडलं.

"सलीम," त्या म्हणाल्या, "माह्या धंद्यात समोरच्याचं तोंड उघडं पाह्यजे आणि डॉक्टरचं बंद."

मग मॅडमनी आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना शोधायला सुरुवात केली. ज्यांना शहरातली कवळी झेपत नव्हती, जे भाकरी दुधात भिजवून खात होते, अशांची मापं घेतली आणि काम बीबीला पाठवलं. मंगळवारी पुन्हा एसटीतून पांढरा शर्ट उतरायला लागला. वरून पुन्हा आवाज यायला लागला. कवळी सैल आहे, हिरडीचा रंग उसाच्या रसासारखा झालाय, हे दात आजोबाचे आहेत की घोड्याचे? काळे खाली उतरताना पाणी प्यायला थांबत आणि म्हणत, "आज लय बोलल्या," जसं एखादा म्हणेल की आज छान पाऊस झाला.

गेल्या महिन्यात मॅडमच्या स्वतःच्या एका दाढेचा तुकडा पडला. भाऊ म्हणाला, पुण्यात ये, उत्तमातली कॅप बसवू. मॅडमनी माप घेऊन बीबीला दिलं.

त्या मंगळवारी मी औषधांचं बिल द्यायला वर गेलो होतो. काळ्यांनी डबा उघडला, कापसातून कॅप काढली. मॅडमनी ती भिंगाखाली फिरवून फिरवून बघितली. मग आरशात बघून स्वतःच दाढेवर बसवली आणि कॅप उंच लागते का ते दाखवणारा निळा कागद चावून बघितला. इकडून चावला, तिकडून चावला. मग मला म्हणाल्या, "सलीम, फुटाणे हायेत का तुह्याजवळ?"

दुपारचे खायचे फुटाणे माझ्या खिशात होते. मॅडमनी दोन-चार तोंडात टाकले आणि त्याच बाजूने कडाकडा चावून खाल्ले. आणखी मागितले. तेही खाल्ले. काळे हातात रिकामा डबा धरून उभे होते. डब्यात आज दुसरं काही काम नव्हतं, म्हाताऱ्यांच्या कवळ्या सगळ्या देऊन झाल्या होत्या.

मॅडम पाणी प्यायल्या, कॅप काढून तळहातावर घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

"जराशी उंच लागते, प्रभाकर. थोडी घासून पुढच्या मंगळवारी घेऊन या."

काळ्यांनी ती घेतली, कापसात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

"हाव मॅडम," ते म्हणाले, "मलेही उंचच वाटत होती."